परिणाम-आकारमान (उपयोजित मानसशास्त्रातील)

परिणाम-आकारमान : एखाद्या उपचारामुळे, अध्यापनपद्धतीमुळे वा प्रशिक्षणामुळे पडणारा फरक, किंवा दोन चलांमधील संबंध, किती मोठा आहे हे दर्शविणारी संख्या. इंग्रजी ग्रंथांत ‘इफेक्ट साइझ’ या नावाने ती ओळखली जाते. चिकित्सा, शिक्षण, कर्मचारी-निवड, समुपदेशन इ. क्षेत्रांत मानसशास्त्राचे उपयोजन करताना ‘परिणाम होतो का?’ या प्रश्नापेक्षा ‘किती होतो आणि तेवढा पुरेसा आहे का?’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. पहिल्या प्रश्नाचा विचार सार्थतेच्या कसोट्यांनी केला जातो. दुसऱ्याचे उत्तर परिणाम-आकारमानापासून सुरू होते. मात्र केवळ त्या आकड्याने ते पूर्ण होत नाही. काय मोजले, कशाशी तुलना केली, लाभ किती काळ टिकला आणि त्यासाठी काय वेचावे लागले, यांच्या संदर्भातच आकड्याला अर्थ प्राप्त होतो.

सार्थता आणि आकारमान : प्रत्यक्षात दोन गटांत काहीही फरक नसता, तर मिळाला तेवढा किंवा त्याहून मोठा फरक केवळ यदृच्छेने दिसण्याची संभाव्यता किती, एवढेच सार्थतेची कसोटी सांगते. ही संभाव्यता फरकाच्या आकाराइतकीच नमुन्याच्या संख्येवरही अवलंबून असते. समजा, दोन गटांच्या माध्यांतील फरक प्रमाण विचलनाच्या केवळ विसाव्या भागाइतका (०·०५) आहे. प्रत्येक गटात १०,००० व्यक्ती असतील, तर व्यवहारात नगण्य असा हा फरकही सांख्यिकीय दृष्ट्या निःसंशय सार्थ ठरेल. याउलट फरक अर्ध्या प्रमाण विचलनाइतका (०·५) असून प्रत्येक गटात २० व्यक्तीच असतील, तर तो ०·०५ या रूढ पातळीवर सार्थ ठरणार नाही. ‘सार्थ’ म्हणजे ‘महत्त्वाचे’ आणि ‘असार्थ’ म्हणजे ‘परिणामशून्य’, हे दोन्ही समज त्यामुळे चुकीचे होत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : रॉनल्ड फिशर (१८९०–१९६२) यांच्या १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधकांसाठीच्या सांख्यिकी-ग्रंथामुळे सार्थतेच्या कसोट्यांचा प्रसार झाला आणि लवकरच मानसशास्त्रातही त्या रूढ झाल्या. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेकब कोएन (१९२३–९८) यांनी अपसामान्य व सामाजिक मानसशास्त्राच्या एका प्रमुख नियतकालिकाचा १९६० चा खंड तपासून १९६२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. मध्यम आकाराचा परिणाम वस्तुतः अस्तित्वात असला, तरी तो पकडण्याची त्या संशोधनांची सरासरी शक्यता केवळ ०·४८, म्हणजे नाणेफेकीइतकीच होती, असे त्यांना आढळले. परिणाम केवढा अपेक्षित आहे याचा विचारच न करता नमुन्यांची संख्या ठरविली जात होती, हे त्याचे कारण होते. कोएन यांनी १९६९ च्या आपल्या ग्रंथात परिणाम-आकारमानाची पद्धतशीर मांडणी केली. त्याची दुसरी आवृत्ती १९८८ मध्ये निघाली. जीन ग्लास यांनी १९७६ मध्ये अनेक संशोधनांतील आकारमाने एकत्र करून त्यांचे विश्लेषण करण्याच्या पद्धतीला ‘अधिविश्लेषण’ या अर्थाचे नाव दिले. अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेच्या लेखनविषयक नियमपुस्तिकेने १९९४ मध्ये परिणाम-आकारमान नमूद करण्यास उत्तेजन दिले आणि संघटनेच्या कृतिगटाने १९९९ मध्ये प्रमुख निष्पत्तींसाठी ते नेहमीच द्यावे असा आग्रह धरला. आकडा देण्याची प्रथा यामुळे रुळली. त्याच्या अर्थनिर्णयाचा प्रश्न मात्र त्यानंतर अधिक ठळकपणे पुढे आला.

परिमाणांचे प्रकार : सर्वाधिक प्रचलित परिमाण म्हणजे कोएन यांचा ‘डी’ होय. प्रायोगिक गटाचे माध्य वजा नियंत्रित गटाचे माध्य, भागिले प्रमाण विचलन, अशी त्याची व्याख्या आहे. दोन चलांच्या संबंधासाठी सहसंबंध गुणांक (‘आर’) वापरतात. निष्पत्ती ‘बरा झाला–न झाला’, ‘उत्तीर्ण–अनुत्तीर्ण’ अशी द्विविध असेल, तर दोन प्रमाणांतील फरक, त्यांचे गुणोत्तर किंवा एक जादा रुग्ण बरा होण्यासाठी किती रुग्णांवर उपचार करावे लागतील ती संख्या देतात. एककच मुळात अर्थपूर्ण असेल, उदा., कामावरील गैरहजेरीचे दिवस, झोपेचे तास, अपघातांची संख्या, तेव्हा फरक त्याच एककात सांगणे सर्वांत सुबोध असते.

‘डी’ची किंमत नेहमीच्या भाषेत सांगण्याचे दोन मार्ग आहेत. गुणांचे वितरण प्रसामान्य आणि दोन्ही गटांतील विचलन सारखे मानल्यास ‘डी’ ०·५ असताना प्रायोगिक गटातील सुमारे ६९ टक्के व्यक्ती नियंत्रित गटाच्या माध्याच्या वर असतात. काहीच परिणाम नसता, तर ५० टक्के असत्या. तसेच प्रत्येक गटातून एकेक व्यक्ती चिठ्ठी टाकून निवडली, तर प्रायोगिक गटातील व्यक्ती वरचढ असण्याची शक्यता १०० मध्ये ६४ असते. ‘डी’ ०·२ असताना हेच आकडे अनुक्रमे ५८ व ५६, तर ०·८ असताना ७९ व ७१ असे येतात. म्हणजे ‘मोठा’ म्हटला जाणारा परिणामही दोन गटांना एकमेकांपासून पूर्णपणे अलग करीत नाही. दोन्ही वितरणे बव्हंशी एकमेकांवर पसरलेलीच राहतात. गटाच्या सरासरीवरून विशिष्ट व्यक्तीविषयी भाकीत करणे किती धोक्याचे आहे, हे यावरून लक्षात येते.

कोएन यांच्या श्रेणी : ‘डी’ ०·२ असल्यास लहान, ०·५ असल्यास मध्यम व ०·८ असल्यास मोठा, तसेच ‘आर’ ०·१, ०·३ व ०·५ असल्यास अनुक्रमे लहान, मध्यम व मोठा, या कोएन यांच्या श्रेणी सर्वश्रुत आहेत. त्या समजावून देण्यासाठी त्यांनी मुलींच्या उंचीचा दाखला दिला. पंधरा व सोळा वर्षांच्या मुलींच्या उंचीतील फरक लहान, चौदा व अठरा वर्षांच्या मुलींतील मध्यम आणि तेरा व अठरा वर्षांच्या मुलींतील मोठा होय. मध्यम फरक सूक्ष्म निरीक्षकाच्या नुसत्या डोळ्यांना जाणवावा, अशी त्यामागील कल्पना होती. मात्र विषयातील पूर्वसंशोधनातून दुसरा कोणताही आधार मिळत नसेल तेव्हाच या श्रेणींचा अवलंब करावा, असे त्यांनी बजावले होते. ती अट मागे पडली आणि श्रेणी तेवढ्या पाठ्यपुस्तकांत उरल्या. परिणामी ०·०५ या सार्थता-पातळीच्या आंधळ्या वापराऐवजी ०·२, ०·५ व ०·८ यांचा तितकाच आंधळा वापर सुरू झाला.

निरनिराळ्या क्षेत्रांत प्रत्यक्ष आढळणाऱ्या परिणामांशी ताडून पाहता या श्रेणी बऱ्याचदा गैरलागू ठरतात. व्यक्तिभेदांच्या अभ्यासातील ७०८ अधिविश्लेषित सहसंबंधांची पाहणी करून जिनियॅक व सोडोराय यांनी २०१६ मध्ये ‘आर’साठी ०·१, ०·२ व ०·३ या अधिक वास्तव श्रेणी सुचविल्या. प्रमाणित शैक्षणिक कसोट्यांवर आधारलेल्या कार्यकारण-संशोधनासाठी मॅथ्यू क्राफ्ट यांनी २०२० मध्ये ०·०५ पेक्षा कमी ‘डी’ लहान, ०·०५ ते ०·२० मध्यम आणि त्याहून अधिक मोठा मानावा, असे प्रतिपादन केले. शिक्षणात आणखी एक स्वाभाविक मोजपट्टी उपलब्ध असते. ती म्हणजे एका वर्षात होणारी नित्याची प्रगती. अमेरिकन विद्यार्थ्यांच्या वाचनकसोट्यांवरून हिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवून दिले, की पहिली ते दुसरी या वर्षात ही प्रगती ०·९७, पाचवी ते सहावी या वर्षात ०·३२, तर अकरावी ते बारावी या वर्षात केवळ ०·०६ प्रमाण विचलन असते. तेव्हा ०·२ हा लाभ दुसरीच्या मुलासाठी वर्षाच्या प्रगतीचा पाचवा हिस्सा आहे, तर सहावीतील मुलासाठी तो वर्षाच्या प्रगतीच्या निम्म्याहून अधिक आहे.

मोजपट्टीचा प्रभाव : ‘डी’चा छेद असलेले प्रमाण विचलन हेही संशोधकाच्या निवडीवर अवलंबून असते. एका कसोटीवर दोन गटांत ५ गुणांचा फरक आहे आणि विविध स्तरांतील विद्यार्थ्यांच्या नमुन्याचे प्रमाण विचलन १० आहे, तर ‘डी’ ०·५ येतो. तोच ५ गुणांचा फरक एकाच तुकडीतील, जवळपास सारख्या क्षमतेच्या विद्यार्थ्यांत मोजला आणि तेथील विचलन ६ असले, तर ‘डी’ ०·८३ होतो. मुलांना लाभ तेवढाच झालेला असतो. बदललेला असतो तो भाजक. एकाच गटाची उपचारापूर्वी व उपचारानंतर चाचणी घेऊन गुणबदलाच्या विचलनाने भागले, तरीही असेच घडते. दोन चाचण्यांतील सहसंबंध ०·८ असेल, तर नेहमीच्या विचलनाने ०·५ येणारा ‘डी’ या रीतीने ०·७९ येतो. उलट, कसोटीची विश्वसनीयता कमी असली की विचलन अकारण वाढून परिणाम लहान दिसतो. संशोधकाने शिकविलेल्या आशयाला जुळवून स्वतःच तयार केलेल्या कसोट्यांवर मिळणारे आकारमान स्वतंत्र प्रमाणित कसोट्यांवरील आकारमानाच्या सुमारे दुप्पट असते, असे च्युंग व स्लॅव्हिन यांना २०१६ मध्ये शिक्षणविषयक ६४५ संशोधनांच्या पाहणीत आढळले. म्हणून दोन अहवालांतील आकडे ताडून पाहण्यापूर्वी ते कोणत्या कसोटीवर व कोणत्या विचलनाने काढले, हे पाहणे आवश्यक असते.

तुलनेचा आधार : परिणाम हा नेहमी कशाच्या तरी तुलनेत असतो. हान्स आयसेंक (१९१६–९७) यांनी १९५२ मध्ये मानसोपचारांच्या उपयुक्ततेविषयी तीव्र शंका व्यक्त केली होती. तिला उत्तर देणाऱ्या स्मिथ व ग्लास यांच्या १९७७ मधील अधिविश्लेषणात ३७५ संशोधने समाविष्ट होती. त्यांत सरासरी आकारमान ०·६८ आले. म्हणजे उपचार घेतलेली सरासरी व्यक्ती उपचार न घेतलेल्या ७५ टक्के व्यक्तींपेक्षा बऱ्या स्थितीत होती. आयसेंक यांनी या पद्धतीवर कडक टीका केली. चांगली व वाईट संशोधने एकत्र ढवळल्याने निष्कर्ष विश्वसनीय होत नाहीत, असा त्यांचा मुख्य आक्षेप होता. या आक्षेपात तथ्य होते, असे पुढे दिसून आले. प्रौढांच्या नैराश्यावरील मानसोपचारांची ११५ संशोधने पीम कॉपर्स व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये तपासली. गुणवत्तेचे सर्व निकष पूर्ण करणारी त्यांतील संशोधने केवळ ११ होती. त्यांचे सरासरी आकारमान ०·२२, तर उरलेल्यांचे ०·७४ होते. मानसोपचार निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ नव्हे. शिथिल रीतीने केलेले मापन लाभ कितीतरी पटींनी फुगवू शकते, एवढाच याचा अर्थ होय. तसेच उपचारासाठी नुसत्या प्रतीक्षायादीवर ठेवलेल्या गटाशी तुलना केल्यास आकारमान मोठे दिसते, तर दुसऱ्या प्रस्थापित उपचाराशी तुलना केल्यास ते साहजिकच लहान येते. त्यामुळे नियंत्रित गटाला काय मिळाले याचा उल्लेख नसलेला आकडा अपुरा समजला पाहिजे.

मूळ प्रमाण आणि निरपेक्ष फरक : लहान आकड्यामागे मोठे महत्त्व दडलेले असू शकते, हे सांगण्यासाठी रॉबर्ट रोझेंथाल यांनी वैद्यकातील एक उदाहरण मानसशास्त्रात आणले आणि ते वारंवार उद्धृत केले जाते. अमेरिकेतील २२,०७१ डॉक्टरांवर केलेल्या प्रयोगाचा प्राथमिक अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे पाच वर्षांत ॲस्पिरिन घेणाऱ्या ११,०३७ जणांपैकी १०४ जणांना आणि निष्क्रिय गोळी घेणाऱ्या ११,०३४ जणांपैकी १८९ जणांना हृदयविकाराचा झटका आला. या संबंधाचा सहसंबंध गुणांक केवळ ०·०३४ भरतो. म्हणजे स्पष्ट होणारे प्रचरण एक सहस्रांशाहून थोडेसेच अधिक. तथापि झटक्याचा धोका सापेक्ष दृष्ट्या सुमारे ४५ टक्क्यांनी घटला होता. निरपेक्ष दृष्ट्या मात्र तो १·७१ टक्क्यांवरून ०·९४ टक्क्यांवर आला. म्हणजे एक झटका टाळण्यासाठी सुमारे १३० जणांनी पाच वर्षे गोळी घेणे आवश्यक होते. ‘४५ टक्के घट’, ‘०·७७ टक्क्यांचा फरक’ आणि ‘०·०३४’ ही एकाच घटनेची तीन वर्णने आहेत. त्यांपैकी कोणते पुढे ठेवले आहे, यावर वाचकाचे मत बनते.

या उदाहरणाचा उत्तरार्ध क्वचितच सांगितला जातो. हृदयविकार नसलेल्या व्यक्तींवरील नव्या मोठ्या प्रयोगांचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत रक्तस्रावाचा धोका लक्षात घेता ॲस्पिरिनचा निव्वळ लाभ फारसा उरला नाही. अमेरिकेतील प्रतिबंधक आरोग्यसेवाविषयक कृतिगटाने २०२२ मध्ये साठ वर्षे व त्यावरील व्यक्तींनी केवळ प्रतिबंधासाठी ॲस्पिरिन सुरू करू नये, अशी शिफारस केली. तात्पर्य, आकडा लहान म्हणून परिणाम क्षुल्लक ठरत नाही, तसेच लहान आकडेही मोलाचे असू शकतात या तत्त्वाच्या आधारे कोणताही लहान आकडा आपोआप मोलाचा ठरत नाही. हानीचा हिशेबही मांडावाच लागतो.

परिणामांचा संचय : रॉबर्ट एबलसन यांनी १९८५ मध्ये बेसबॉलच्या आकडेवारीवरून दाखवून दिले, की एका वेळच्या फटकेबाजीच्या यशापयशातील प्रचरणापैकी खेळाडूच्या कौशल्याने स्पष्ट होणारा भाग एक टक्क्याच्या एकतृतीयांशाहूनही कमी असतो. तरीही संपूर्ण हंगामात कुशल खेळाडूंचा संघ पुढे जातो, कारण तोच अल्प लाभ शेकडो वेळा साठत जातो. सवयी, अभ्यासाचे तास, कामातील दक्षता यांबाबत असा संचय संभवतो. मात्र लाभ साठतो की विरतो, हे गृहीत न धरता दीर्घकालीन निरीक्षणाने सिद्ध केले पाहिजे.

कर्मचारी-निवडीतील अर्थनिर्णय : निवडकसोटीचे गुण आणि पुढील कार्यक्षमता यांतील सहसंबंध ०·३० असला, तर त्याचा वर्ग ०·०९ होतो. यावरून ‘कसोटीने केवळ ९ टक्के स्पष्टीकरण मिळते’ असे म्हणून ती मोडीत काढण्याची प्रवृत्ती दिसते. टेलर व रसेल यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांनी या प्रश्नाकडे पाहण्याची वेगळी दृष्टी दिली. कसोटीविना निवडलेल्यांपैकी निम्मे उमेदवार कामात यशस्वी होत असतील आणि अर्जदारांपैकी वरचे १० टक्केच घ्यावयाचे असतील, तर ०·३० सप्रमाणतेच्या कसोटीमुळे यशस्वी होणाऱ्यांचे प्रमाण ५० वरून सुमारे ७१ टक्क्यांवर जाते. निम्मे अर्जदार घ्यावयाचे असल्यास ते ६० टक्के होते, आणि दहापैकी नऊ घ्यावयाचे असल्यास जेमतेम ५२ टक्के. कसोटी तीच, सहसंबंधही तोच. पण जागा थोड्या व अर्जदार पुष्कळ असताना ती उपयुक्त आणि जवळजवळ सर्वांनाच घ्यावयाचे असताना निरुपयोगी ठरते. यशस्वी होऊ शकले असते अशा ज्या अर्जदारांना कसोटीने वगळले, त्यांची बाजू मात्र या कोष्टकांत येत नाही. नियोक्त्याचा लाभ आणि अर्जदाराला मिळणारा न्याय हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत.

सहसंबंध काढण्याच्या रीतीवरही बरेच काही अवलंबून असते. जे निवडले गेले त्यांचीच कार्यक्षमता मोजता येत असल्याने गुणांचा पल्ला आकुंचित होतो व सहसंबंध कमी दिसतो. त्यासाठी गणिती दुरुस्ती करतात. श्मिट व हंटर यांनी १९९८ मध्ये अशा दुरुस्तीसह सामान्य बौद्धिक क्षमतेच्या कसोट्यांची सप्रमाणता ०·५१ दिली आणि हा आकडा दोन दशके प्रमाणभूत मानला गेला. सॅकेट व सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये ही दुरुस्ती अनेकदा अवाजवी होती असे दाखवून तो ०·३१ वर आणला. त्यांच्या मांडणीत ०·४२ सप्रमाणतेसह आखीव मुलाखतीला पहिले स्थान मिळाले. मूळ निरीक्षणे बव्हंशी तीच असताना केवळ दुरुस्तीच्या गृहीतांमुळे निवडपद्धतींचा क्रम पालटला.

खर्च आणि टिकाऊपणा : मुंबई व वडोदरा येथील नगरपालिका शाळांत २००१ ते २००३ या काळात ‘प्रथम’ या संस्थेच्या बालसखी योजनेचे यादृच्छिक प्रयोगाद्वारे मूल्यमापन झाले. अभ्यासात मागे पडलेल्या मुलांना वर्गाबाहेर काढून स्थानिक तरुणींनी प्राथमिक वाचन व गणित शिकवावे, असे या योजनेचे स्वरूप होते. बॅनर्जी, कोल, दुफ्लो व लिंडन यांच्या २००७ मधील लेखानुसार दुसऱ्या वर्षाअखेर सर्व मुलांची सरासरी ०·२८ प्रमाण विचलनाने वाढली आणि हा लाभ मुख्यतः तळाच्या मुलांना झाला. वडोदऱ्यातील संगणकाधारित गणित-अध्यापनाचा लाभ ०·४७ होता. कोएन यांच्या श्रेणी लावल्या, तर पहिला परिणाम लहान आणि दुसरा जवळजवळ मध्यम ठरून संगणकाची निवड केली जाईल. परंतु बालसखी योजनेचा दरडोई खर्च संगणकापेक्षा अनेक पटींनी कमी होता. त्यामुळे वेचलेल्या रुपयामागे तीच अधिक फलदायी ठरली. योजना संपल्यानंतर एका वर्षाने लक्ष्य गटातील मुलांचा लाभ सुमारे ०·१० वर आला होता. तेव्हा ०·२८ हा आकडा खरा असला, तरी तो केव्हा मोजला हे सांगितल्याविना तो अर्धवटच राहतो.

प्रकाशनातील फुगवटा : लहान नमुन्यांच्या संशोधनात योगायोगाने मोठे आलेले परिणामच सार्थ ठरतात आणि सार्थ ठरलेलेच प्रामुख्याने छापले जातात. त्यामुळे छापील परिणामांची सरासरी वास्तवाहून मोठी असते. मानसशास्त्रातील १०० संशोधनांची पुनरावृत्ती करणाऱ्या सामूहिक प्रकल्पाचा अहवाल २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. मूळ संशोधनांपैकी ९७ टक्क्यांचे निष्कर्ष सार्थ होते, पुनरावृत्तीत ३६ टक्क्यांचेच तसे ठरले. आणि सरासरी आकारमान (‘आर’च्या एककात) ०·४०३ वरून ०·१९७ वर, म्हणजे निम्म्यावर आले. लोकांना इष्ट वर्तनाकडे हळुवारपणे वळविणाऱ्या उपायांबाबत देलाविन्या व लिनोस यांनी २०२२ मध्ये अशीच तुलना केली. विद्वत्पत्रिकांत प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत इष्ट वर्तनाचे प्रमाण सरासरी ८·७ टक्के-बिंदूंनी वाढले होते. उलट, अमेरिकेतील दोन मोठ्या शासनसंबद्ध पथकांनी सुमारे २·३ कोटी लोकांवर केलेल्या १२६ प्रयोगांत, छापलेले व न छापलेले सर्व धरून, ती वाढ १·४ टक्के-बिंदू होती. छापील आकड्यावर विसंबून योजना आखणाऱ्याच्या पदरी अपेक्षेच्या सहाव्या हिश्शाएवढाच लाभ पडला असता. एखाद्या पत्राचा मजकूर बदलण्याइतका खर्च अल्प असेल, तर १·४ हीदेखील स्वागतार्ह वाढ होय. पण अंदाजपत्रक ८·७ धरून केलेले नसावे.

अर्थनिर्णयाचे एक उदाहरण : वरील सर्व मुद्दे एकत्र आणून आकडा कसा वाचावा, हे गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत झालेल्या प्रयोगावरून स्पष्ट होईल. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी त्याचा अहवाल २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ रुग्णांचे यादृच्छिक रीतीने दोन गट करण्यात आले. एका गटाला सुधारित नेहमीचे उपचार व त्याशिवाय प्रशिक्षित पण बिगरतज्ज्ञ समुपदेशकांकडून थोड्या बैठकींचे समुपदेशन, तर दुसऱ्याला केवळ सुधारित नेहमीचे उपचार मिळाले. तीन महिन्यांनंतर बेक यांच्या नैराश्य-मापिकेवर (गुण ० ते ६३) पहिल्या गटाचे माध्य १९·९९ व दुसऱ्याचे २७·५२ होते. समायोजित फरक ७·५७ गुणांचा आणि त्याचा ९५ टक्के विश्वास-अंतराल ४·८६ ते १०·२७ होता. प्रमाणित आकारमान सुमारे अर्धे प्रमाण विचलन, म्हणजे रूढ श्रेणीनुसार ‘मध्यम’ भरते.

हा शब्द येथे फारसे काही सांगत नाही. दुसऱ्या परिमाणानुसार लक्षणमुक्त झालेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ६४ टक्के, तर दुसऱ्यात ३९ टक्के होते. म्हणजे साधारणपणे चार रुग्णांना समुपदेशन दिल्यास एक रुग्ण जादा लक्षणमुक्त होतो. तुलना प्रतीक्षायादीशी नव्हे, तर प्रत्यक्ष उपचारांशी होती, त्यामुळे आकडा फुगलेला असण्याची शक्यता कमी होते. समुपदेशक मनोविकारतज्ज्ञ नव्हते, म्हणून तज्ज्ञांची वाण असलेल्या प्रदेशातही ही योजना राबविता येण्याजोगी आहे. दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. सुमारे ३९ टक्के रुग्ण समुपदेशनाविनाही सावरले होते. समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के सावरले नव्हते. आणि पहिल्या गटाचे माध्यही मध्यम नैराश्याच्या उंबरठ्यापाशीच होते. विश्वास-अंतरालाच्या खालच्या टोकाचा, म्हणजे सुमारे ५ गुणांचा, लाभही पुरेसा वाटत असेल, तरच योजनेचा निर्णय भक्कम पायावर आहे असे म्हणता येते. एवढा तपशील ‘मध्यम’ या एका विशेषणात मावत नाही.

समारोप : परिणाम-आकारमानाच्या आधारे शाळेला निधी मिळतो वा नाकारला जातो, अर्जदार निवडला वा वगळला जातो, रुग्णालयात एखादा उपचार सुरू राहतो वा थांबतो. म्हणून अहवाल वाचताना मूळ एककातील फरक, विश्वास-अंतराल, नियंत्रित गटाला मिळालेली वागणूक, मापनाची रीत व वेळ, खर्च आणि संभाव्य हानी हे सर्व एकत्र पाहणे इष्ट होय. संशोधनाची योजना व प्रमुख निष्पत्ती आगाऊ नोंदविण्याची प्रथा एकविसाव्या शतकात मानसशास्त्रातही रुजू लागली असून त्यामुळे प्रकाशनातील फुगवट्यास काही प्रमाणात आळा बसतो. किती लाभ झाला असता ही योजना स्वीकारू, हे प्रयोगापूर्वीच ठरवून ठेवल्यास प्रयोगाअंती सोयीचे विशेषण शोधण्याचा मोह टळतो.